अजगराची पाठ आणि मेंढपाळाचा खांदा

शास्त्रपाठ : स्तोत्र १०४:२४-३०, लूक १५:१-७, प्रकटीकरण १२:७-१२



ग्वाल्हेर शहरात महाराज बाड्याला लागून गोरखी आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ ह्या भागात पडला आणि त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ ह्या नावाचे शहर झाले. गोरखीचा वाडा त्याच काळातला. कालांतराने त्याच्या आवारात सरकारी कचेऱ्या आल्या, शाळा आली. स्वार, पायदळ, वैद्य, दप्तर सांभाळणारे कारकून अशा माणसांनी ही वस्ती उभी राहिली, आणि त्यांच्याबरोबर दक्षिणेतून आलेली मराठी येथील काही घरांतून आजही बोलली जाते. ह्या जुन्या गोष्टीची आठवण आम्हांस एका अगदी नव्या इंग्रजी कादंबरीने करून दिली.

त्या कादंबरीचे नाव ‘फोर्थ विंग’. अमेरिकन लेखिका रेबेका यारोस यांनी लिहिलेली ही कादंबरी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिचा दुसरा भाग आला आणि २०२५ साली तिसरा. जगभर तिचे वाचक आहेत, आणि आमच्या मंडळ्यांतील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या हातीही ती दिसते. रात्रीचे जेवण थंड होते, पण पुस्तक हातचे सुटत नाही, अशी तक्रार काही मातांनी आमच्याजवळ केली. हे पुस्तक ख्रिस्ती तरुणांनी वाचावे काय, असाही प्रश्न आला. म्हणून आम्ही ती वाचली, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही ती खाली ठेववेना.

कथा एका लष्करी विद्यालयाची आहे. त्यात चार शाखा : स्वार, लेखनिक, वैद्य आणि पायदळ. परंतु हे स्वार घोड्यांवर बसत नाहीत. ते बसतात ‘ड्रॅगन’वर, म्हणजे पंख असलेल्या, अग्नी ओकणाऱ्या प्रचंड प्राण्यावर. व्हायोलेट ही वीस वर्षांची मुलगी पित्याच्या वळणावर गेलेली, ग्रंथांत रमणारी. तिला लेखनिक व्हावयाचे होते. पण तिची आई सेनापती आहे, आणि आईच्या हुकमाने तिला स्वारांच्या शाखेत जावे लागते. तिची हाडे व सांधे नाजूक आहेत. जरा धक्का लागला की खांदा निखळतो. लेखिकेलाही सांधे दुबळे करणारा जन्मजात विकार आहे, आणि आपली ती दुर्बलता तिने नायिकेला दिली आहे.

ह्या शाळेत प्रवेश मिळवावयाचा तर पहिल्याच दिवशी खोल दरीवरचा एक अरुंद दगडी कठडा चालून जावे लागते. ज्याचा पाय घसरला, तो गेला. पुढेही वर्षभर कोणी आखाड्यात मरतो, कोणी चढणीवर. रोज सकाळी सर्व विद्यार्थी रांगेत उभे राहतात आणि मेलेल्यांची नावे वाचली जातात. मग त्यांच्या वस्तू जाळून टाकतात व दिवसाचे पाठ सुरू होतात.

प्रथम सावधगिरीचे दोन शब्द. ही कादंबरी प्रौढांसाठी लिहिलेली आहे. तिच्यात स्त्री-पुरुष संबंधांची उघड वर्णने आहेत, शिव्या आहेत, रक्तपात आहे. शाळकरी मुलांच्या हाती ती देऊ नये, आणि ज्या तरुणास अशा वर्णनाने अडखळण होते त्याने ती बाजूस ठेवावी. विश्वासाच्या दृष्टीने ह्यात कमीपणा काही नाही. प्रत्येकाने आपल्या विवेकास जागून वागावे, असे पौलाचे सांगणे आहे.

परंतु मूळ प्रश्न ह्याहून मोठा आहे. कल्पनेच्या गोष्टींत, राक्षसी प्राण्यांच्या कथांत ख्रिस्ती मनुष्याने आनंद मानावा काय? काही वडीलधारी मंडळी म्हणतात की हा वेळेचा अपव्यय होय. त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही पवित्र शास्त्र उघडतो. शास्ते ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम डोंगराच्या माथ्यावर उभा राहून झाडांची गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीत झाडे बोलतात व आपणांस राजा शोधतात. नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचे पाप दाखवितो तेही एका कोकरीची कथा सांगून. पौल अथेनैत उभा राहिला तेव्हा ग्रीक कवींचे शब्द त्याला ठाऊक होते. आणि लिव्याथानाविषयी इयोबाच्या पुस्तकाचा एकेचाळिसावा अध्याय वाचून पाहा. त्याच्या मुखातून ज्वाला निघतात, नाकपुड्यांतून धूर निघतो. आमच्या तरुणांचा ‘ड्रॅगन’ ह्याहून फारसा निराळा नाही. आणि स्तोत्रकर्ता तर म्हणतो की ह्या लिव्याथानाला देवाने समुद्रात खेळण्यासाठी घडविले. ज्या देवाने भाकरीसाठी गहू निर्माण केला त्यानेच खेळण्यासाठी एक अजस्र प्राणी निर्माण केला. अशा देवाच्या लेकरांनी एखाद्या अद्भुत प्राण्याच्या कथेत रमावे, ह्यात आम्हांस अधर्म दिसत नाही.

आमच्या मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली एका ख्रिस्ती लेखकाच्या, बाबा पदमनजींच्या, लेखणीतून उतरली. तिच्यात विधवांचे दुःख कथारूपाने मांडले आहे. त्याच्याही आधी, १८४१ साली, हरी केशवजी यांनी जॉन बन्यनच्या ‘यात्रिका’ची कथा ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने मराठीत आणली. ती कथा आमच्या कित्येक घरांत आजी-आजोबांनी वाचून दाखविली आहे. तिच्यात नम्रतेच्या खोऱ्यात यात्रिकाची वाट अडविणारा अपल्लुओन कसा आहे? अंगावर माशासारखे खवले, पाठीवर अजगराचे पंख, पोटातून आग आणि धूर. बन्यनला तारुण्यात शूर सरदारांच्या व अजगर मारणाऱ्या वीरांच्या कथांची मोठी गोडी होती, असे त्याच्याच लिखाणावरून दिसते. पुढे तो प्रभूकडे वळला, सुवार्ता सांगितली म्हणून तुरुंगात पडला, आणि १६७८ साली त्याचे पुस्तक निघाले तेव्हा त्या जुन्या कथांतील अजगर सुवार्तेच्या सेवेस लागला. म्हणून आपला मुलगा आज काय वाचतो ह्यावरून त्याच्याविषयी घाईने निर्णय करू नये. त्याच्या मनात साठलेले देव उद्या कशासाठी वापरील हे आपणांस आज दिसत नाही.

आता त्या कथेत आमच्या तरुणांना इतके काय भावते, ते पाहू.

कठडा ओलांडण्याच्या दिवशी व्हायोलेटच्या पायांत चांगली पकड असलेले बूट आहेत. तिच्या शेजारच्या मुलीचे बूट गुळगुळीत आहेत. त्यांवर ती घसरणार हे उघड आहे. ओळख घटकाभराची. तरी व्हायोलेट आपला एक बूट काढून तिला देते व तिचा एक आपण घालते. दोघींना एकेक पाय घट्ट रोवता येतो, आणि दोघी पलीकडे पोहोचतात. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, असे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने लोकसमुदायाला सांगितले होते. ती शिकवण एका अजगरांच्या गोष्टीत बुटाच्या रूपाने भेटते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते.

पुढे एक दिवस येतो, त्याला त्या शाळेत ‘मळणी’ म्हणतात. त्या दिवशी विद्यार्थी रानात जातात, आणि अजगर आपापला स्वार निवडतात. निवड अजगराची, विद्यार्थ्याची नव्हे. त्या रानात एक लहानसे सोनेरी पिल्लू असते. ते दुबळे आहे, लढाईच्या कामाचे नाही, म्हणून काही विद्यार्थी त्याला ठार मारावयास निघतात. व्हायोलेट एकटी, निखळलेल्या सांध्यांची, त्याच्या आड उभी राहते. तेव्हा सर्वांत बलाढ्य असा काळा अजगर खाली उतरतो आणि तिला निवडतो. त्याच्या पाठीवर तिला धड बसताही येत नाही. पुढे तिच्यासाठी खोगीर करावे लागते.

मळणी म्हटल्यावर आम्हांस गिदोन आठवला. मिद्यान्यांच्या भीतीने तो द्राक्षकुंडात लपून गव्हाची मळणी करीत होता. देवदूताने त्याला बोलाविले तेव्हा त्याने आपले घराणे सर्वांत दरिद्री व आपण घरात सर्वांत लहान असल्याचे सांगितले. ही सबब देवाने ऐकून घेतली नाही. जगातले जे दुर्बल ते देवाने निवडले, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आपण अनेकदा वाचले आहे. लेखिकेने सुवार्ता सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही, आणि तिच्या शब्दांत आम्ही ख्रिस्ताला बळेच बसवीत नाही. पण मनुष्याच्या अंतःकरणात ही भूक आहे की, कोणीतरी आपली शक्ती न मोजता आपणांस निवडावे. ती भूक देवाने ठेवली आहे. आमची मुले ह्या कथेत रमतात, कारण ती भूक तेथे ओळखली जाते.

इथपर्यंत आनंद आहे. आता ज्या ठिकाणी आमचे मन अडले तेथे येतो.

त्या कठड्यावर व्हायोलेटबरोबर आणखी एक तरुण होता, डिलन नावाचा. घरी त्याची प्रेयसी वाट पाहते आहे. तिच्यासाठी घेतलेली अंगठी त्याने गळ्यातील साखळीत जपून ठेवली आहे. तो कठड्यावरून घसरतो आणि दरीत जातो. कथा पुढे चालू लागते. वाचणारा नेहमी पलीकडे पोहोचलेल्याबरोबर चालतो. दरीत गेलेल्यांकडे पाहण्यास कोणी थांबत नाही, कारण ह्या शाळेचा नियमच तसा आहे : जो पडला त्याचे नाव एकदा वाचावयाचे, आणि मग पुसावयाचे.

बंधुभगिनींनो, अशी शाळा केवळ पुस्तकात आहे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, आणि मध्य प्रदेश पहिल्या तीन राज्यांत होता. म्हणजे ही यादी आपल्याच दोन घरांची आहे. प्रत्येकाचे दुःख निराळे, कारणे निराळी. सर्वांचा दोष परीक्षेवर किंवा आईबापांवर घालणे अन्यायाचे होईल. पण त्यांतील कित्येक मुले आपापल्या कठड्यावर एकटी उभी होती, आणि खाली दरीखेरीज दुसरे काही त्यांना दिसत नव्हते, एवढे तरी आपण समजून घ्यावे.

गोरखीच्या शाळेचा ग्वाल्हेरकरांना अभिमान आहे, कारण अटल बिहारी वाजपेयी लहानपणी तेथे शिकले आणि पुढे देशाचे पंतप्रधान झाले. हा अभिमान योग्यच आहे. मुलाला अभ्यासाला बसविताना आईबाप ते नाव घेतात. परंतु त्यांच्या वर्गाच्या हजेरीपटात त्या एका नावाच्या वर आणि खाली आणखी कितीतरी नावे असतील. कोणी कारकून झाला असेल, कोणी दुकान चालविले असेल, कोणी नापास होऊन शाळा सोडली असेल, कोणी लहान वयातच देवाघरी गेला असेल. जगाने एक नाव लक्षात ठेवले. देवाजवळ तो सगळा हजेरीपट आहे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील मेंढपाळाचा हिशेब पाहा. शंभरांतील एक हरवले. नव्व्याण्णव सुखरूप आहेत. व्यवहार सांगतो, झाला तो तोटा सोसावा आणि पुढे चालावे. मेंढपाळ थांबतो, मागे फिरतो, खाचखळगे तुडवीत खाली उतरतो. मेंढरू सापडल्यावर त्याला तो चालावयास लावीत नाही, खांद्यावर घेतो. अजगराच्या पाठीवर बसावयास धैर्य लागते, पकड लागते, निदान खोगीर तरी लागते. मेंढपाळाच्या खांद्यावर येण्यासाठी त्या मेंढराजवळ काय होते? फक्त हरवलेपण होते. तेवढे पुरले.

आणि आपला प्रभू तर ह्याहून खाली गेला. त्याला नगराबाहेर नेले, अपराध्यांत गणले, थडग्यात ठेवले. जगाच्या यादीतून त्याचे नाव खोडून झाले होते. तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठविले. म्हणून आता अशी एकही दरी नाही की जिच्या तळाशी तो पोहोचलेला नाही. आपल्या मुलांपैकी कोणी घसरले तर ते ज्या ठिकाणी पडेल, तेथे प्रभू आधीच उभा आहे. त्यांनी कठड्यावरून परत फिरावे ह्यासाठीही तो त्यांना हाक मारीत आहे.

प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात आमच्या मराठी शास्त्राने ‘अजगर’ हाच शब्द वापरला आहे. मोठा, अग्निवर्ण, सात डोक्यांचा अजगर. पण तो काय करतो म्हणून सांगितले आहे? दहाव्या वचनात त्याला बंधूंना दोष देणारा म्हटले आहे. रात्रंदिवस देवासमोर दोष देणे हे त्याचे काम. आमच्या मते खरा अजगर ओळखण्याची खूण हीच. रात्री दोन वाजता पुस्तकापुढे बसलेल्या मुलाच्या कानात जो आवाज म्हणतो, तू निरुपयोगी आहेस, तू घराला बोजा आहेस, तू नसलास तर बरे, तो आवाज त्या अजगराचा आहे. तो आईचा नाही, बापाचा नाही, देवाचा तर मुळीच नाही. त्या अजगरावर स्वार होता येत नाही, त्याच्याशी करार करता येत नाही. त्याचा पराभव कोकऱ्याच्या रक्ताने झाला आहे, असे त्याच अध्यायात लिहिले आहे. सर्वांत दुर्बल दिसणाऱ्या प्राण्याने सर्वांत बलाढ्य प्राण्याला जिंकले. ह्याहून अद्भुत गोष्ट कोणत्याही कादंबरीकाराला सुचलेली नाही, आणि ही गोष्ट खरी आहे.

मग आपण काय करावे? तीन साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली. आपल्या घरातील मोठा मुलगा किंवा मुलगी अशी कादंबरी वाचीत असेल तर ती हिसकावून घेऊ नये. जेवताना विचारावे, तुला ह्यातले कोण आवडले? का आवडले? कठड्यावरून तुला कधी भीती वाटली का? मुले आपले दुःख सरळ सांगत नाहीत, पण कथेतील माणसाचे दुःख सांगता सांगता आपले सांगून जातात. ऐकताना उपदेश करू नये. आईने घडीभर सेनापतीपद बाजूस ठेवावे आणि बापानेही. बापांनी आपल्या मुलांना चिडवू नये, नाहीतर ती खिन्न होतील, असा इशारा पौलाने कलस्सैकरांस दिला आहे.

दुसरी. निकाल लागल्यावर आमच्या मंडळ्यांतून गुणगौरवाचा कार्यक्रम होतो, मुलांना नावे घेऊन पुढे बोलावतात, टाळ्या होतात. हे चांगले आहे, चालू राहावे. त्याच आठवड्यात पाळकांनी व वडिलांनी, ज्यांची नावे वाचली गेली नाहीत त्यांच्या घरी जावे. लांबलचक प्रार्थना करण्याची गरज नाही. चहा घ्यावा, त्या मुलाला नावाने हाक मारावी, आणि येत्या रविवारी तरुण संघात तुझी जागा राखून ठेवली आहे असे सांगावे. नाव पुसण्यासाठी वाचणारी शाळा जगात पुष्कळ ठिकाणी आहे. नाव बोलावण्यासाठी वाचणारी जागा मंडळी असावी.

तिसरी. कोणी मूल जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, आपल्या वस्तू वाटू लागले, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागले, तर ते मनावर घ्यावे. त्याला एकटे ठेवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. शासनाने २०२२ साली सुरू केलेली ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते. डॉक्टरांची मदत घेणे हा अविश्वास नव्हे. लूक स्वतः वैद्य होता, आणि हरवलेल्या मेंढराची कथा आपणांस सांगणाऱ्या शुभवर्तमानावर त्याचेच नाव आहे.

आणि तरुण मित्रांनो, तुम्हांसही दोन शब्द. पुस्तक आनंदाने वाचा. देवाने तुम्हांला कल्पना दिली आहे, ती त्याचीच देणगी आहे. पण मिटण्यापूर्वी ते पान पुन्हा एकदा काढा जेथे एक मुलगी आपला एक बूट दुसरीला देते. तुमच्या वर्गात, तुमच्या वसतिगृहात गुळगुळीत बूट घालून कोण उभे आहे, हे तुम्हांला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आपली वही त्याला द्या, आपला एक तास द्या. दोघांचाही एकेक पाय घट्ट रोवला जाईल. आणि तुमचाच पाय थरथरत असेल तर हाक मारा, लाजू नका. मेंढपाळाला तुमचे ओझे जड नाही.

ज्याने लिव्याथानाला खेळण्यासाठी घडविले आणि हरवलेल्याला खांद्यावर घेतले, तो देव आपल्या सर्व लेकरांना आपल्या हातांत सुखरूप राखो. आमेन.